नाताळची रजा

लिगाया सुरिन या थाई गावातल्या शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवत होती, आणि दर डिसेंबरात तिचं डोकं नव्याने तापत असे. तिच्या फिलिपिन्समध्ये सप्टेंबरपासूनच नाताळचे वेध लागतात. इथे पंचवीस डिसेंबर हा साधा कामाचा दिवस, आणि भर पंख्याखाली घाम पुसत मास्तरीणबाया थर्माकोलच्या झाडाला कापसाचा बर्फ चिकटवत बसायच्या.

यंदा तिला एकच गोष्ट हवी होती. कोरात शहराचे पाद्री नाताळच्या सकाळी येऊन बाजारामागच्या चिमुकल्या चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना करून लगेच पुढच्या गावी जाणार होते. आई गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. आईच्या नावाने मेणबत्ती लावायची, मिस्सा ऐकायची, बस. ती उपमुख्याध्यापिका राचनीबाईंकडे गेली.

"मॅडम, पंचवीसला सकाळची थोडी रजा हवी होती. प्रार्थनेला जायचंय."

"अहो टीचर, त्याच दिवशी तर आपला नाताळचा कार्यक्रम!" राचनीबाई हसल्या. "तुमचाच सण आणि तुम्हीच नाही? लोक काय म्हणतील?"

"बरं मॅडम," लिगाया म्हणाली. नाताळच्या पायी नाताळ बुडवायचा, हे शहाणपण याच बाईला सुचावं!

कार्यक्रमात सांताक्लॉज होणार होता ब्रेंडन, आयर्लंडचा मास्तर. गोरा म्हणून पगार जास्त, काम कमी, आणि शाळेच्या फाटकावर फोटोही त्याचाच. देवाचं नाव काढलं की हा कुत्सित हसायचा आणि संध्याकाळ झाली की बिअर ढोसायचा. असल्या नास्तिकाने तिच्या सणाच्या दिवशी मिरवावं, याचा तिला मनस्वी संताप यायचा.

पंचवीसच्या सकाळी त्याचा निरोप आला: पोट बिघडलंय.

"बिचारा!" राचनीबाई हळहळल्या आणि त्यांनी लाल डगला लिगायाच्या हातात कोंबला. "तुम्हीच घाला आता. दाढी लावली की कोण ओळखतंय?"

सभागृहात पाऊल टाकताच लिगायाला हसावं की रडावं कळेना. बुद्धमूर्तीच्या चौरंगाखाली, मानाने एक पायरी उतरून, सांताचं चित्र मांडलं होतं. पुढे उदबत्त्या, झेंडूची माळ, आणि इथे भुताखेतांना ठेवतात तशी लाल सरबताची बाटली, झाकण काढून, आत नळी खोचून. राचनीबाईंनी डोळे मिटून चित्राला हात जोडले. मागोमाग अख्ख्या शाळेने जोडले.

"लाल देव, म्हणून लाल सरबत," त्या कौतुकाने कुजबुजल्या. "बरोबर ना, टीचर?"

"अगदी बरोबर, मॅडम."

गाढवापुढे वाचली गीता! ह्यांना येशू सांगायचा तरी कुठून? दाढीखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. रंगमंचाला लागूनच दार होतं, दाराबाहेर तिची स्कूटर. मिस्सा सुरू झाली असेल, पाद्री वाचत असतील, आता लोक गुडघे टेकत असतील. एकामागून एक वर्ग येऊन तेच गाणं बेसूर किंचाळून जात होता. लिगाया हात हलवत राहिली. शेवटच्या वर्गाचं गाणं संपलं तेव्हा कुठे ती दारातून सटकली, तीही डगल्यासकट.

चर्चपुढे पोचली तर पाद्रींची गाडी कोपऱ्यावर वळत होती. आतले दिवे मालवलेले. पायरीवर ब्रेंडन बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, भांग नीट पाडलेला, डोळे लाल.

"तुझं पोट?" लिगाया धापा टाकत म्हणाली.

"कसलं पोट! नाताळ आहे आज." तो ओशाळून हसला. "मी काय देवभोळा नाही. पण आईला शब्द दिलाय, वर्षातून एकदा येतो. तू का नाही आलीस? मी तुझ्यासाठी जागा धरून बसलो होतो."

"रजा दिली नाही."

"मागितलीस?" तो खरोखरच चकित झाला. "अगं वेडे, नाताळची रजा मागायची असते का?"

तेवढ्यात लिगायाचा फोन वाजला.

"टीचर, आहात कुठे?" राचनीबाई. "खाऊ वाटायचा राहिलाय, मुलं खोळंबलीत!"

"आले मॅडम, लगेच आले," ती म्हणाली. आवाज मधाळ निघाला, सवयीने, मनाला विचारायच्याही आधी.

सहा वर्षांत तिने या गावात राचनीबाईंपासून ब्रेंडनपर्यंत सगळ्यांना तुच्छ लेखलं होतं. पण आत्ता स्वतःची आली इतकी किळस तिला त्यांच्यातल्या एकाचीही कधी आली नव्हती. तिने दाढी पुन्हा कानांना अडकवली आणि स्कूटर शाळेकडे वळवली.