दिवाळीआधीचा लॉट

आमच्या मिलचं जुनं प्रेझेंटेशन बेचाळीस स्लाइडींचं होतं. पहिल्या स्लाइडवर गणपती, दुसरीवर हार घातलेले मोठे शेठ, म्हणजे आमचे मालक हसमुखभाई यांचे स्वर्गवासी वडील, तिसरीवर खुद्द हसमुखभाई, चौथीवर नव्या बॉयलरची पूजा. कापड यायचं ते थेट सतराव्या स्लाइडला. तोवर समोरचं गिऱ्हाईक दोनदा घड्याळ बघून आणि एक जांभई देऊन मोकळं झालेलं असायचं. चार वर्षं मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं लॅपटॉपवर पुढे सरकवत आले. बोलायचे शेठ, बटण दाबायची मी, आणि ऑर्डर गेली की नशिबाला बोल लावायचे पुन्हा शेठच.

मी चैताली पाटील. राहायला सुरतेतल्या बमरोलीत, कामाला सचिन भागातल्या एका डाइंग मिलमध्ये. मी तपासणी खात्याची इनचार्ज आहे. रंगून आलेला प्रत्येक लॉट माझ्या हाताखालून जातो आणि मी पास म्हटल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. माझे वडील लोटू पाटील त्याच मिलमध्ये खाली जेट मशीनवर आहेत, म्हणजे कापड रंगवतात. आणि आपल्याच तोंडानं सांगते, त्या मिलमध्ये माझ्याइतकं नीट बोलणारं दुसरं कुणी नाही. नम्रपणा मला जमत नाही आणि जमवायची इच्छाही नाही.

लागोपाठ तीन पार्ट्या हातच्या गेल्या तेव्हा मी शेठच्या केबिनमध्ये गेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सरळ म्हटलं, पुढच्या पार्टीपुढे मी बोलणार. शेठ आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. पुढची पार्टी नागपूरची होती, दवाखान्यांतल्या नर्सेसचे युनिफॉर्म पुरवणारी कंपनी. त्यांना वर्षाला चाळीस हजार मीटर मरून कापड हवं होतं. शेठनी अट घातली. ऑर्डर आली तर रिंग रोडच्या कापडबाजारातल्या ऑफिसात पार्ट्या सांभाळायला मी; नाही आली तर मीटिंगच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, लॅपटॉप धरायलासुद्धा. मी हो म्हटलं. ती रिंग रोडची खुर्ची मला इतकी हवी होती की रात्री झोपेत दिसायची.

बेचाळीसच्या मी नऊ स्लाइडी केल्या. बॉयलर काढला, नारळ काढला, गेटवरचा बोर्ड काढला. मोठ्या शेठना काढलं तेव्हा मात्र हसमुखभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बापुजींना काढलंच कसं म्हणून त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. शेवटी तडजोड झाली. बापुजींचा मोठा फोटो मीटिंगच्या खोलीतच भिंतीवर लागेल, रोज ताजा हार घालून, पण पडद्यावर येणार नाही. गणपतीला हात लावायची माझी छाती नव्हती, म्हणून तो राहिला.

त्यानंतर मी एक काम केलं जे आमच्या मिलमध्ये आजवर कुणी केलं नव्हतं. रविवारी पांडेसऱ्याच्या एका दवाखान्यात गेले आणि दोन नर्सना चहा पाजून त्यांच्या कपड्यांबद्दल विचारलं. दिवसाला किती तास अंगावर असतं, आठवड्यातून कितीदा धुता, कुठे टोचतं, कुठे उसवतं. त्यांना आधी मी विमावाली वाटले. पण एकदा खात्री पटल्यावर अर्धा तास थांबल्याच नाहीत. माझी गणपतीनंतरची स्लाइड त्यातूनच आली. त्यावर मिलचं नावसुद्धा नव्हतं. फक्त एवढं होतं की तुमची नर्स हा ड्रेस आठवड्यातून सहा वेळा धुते.

तालीम घरी, आईसमोर. मंगलाबाई म्हणजे माझी आई घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. एकीकडे तिचे हात चालू, दुसरीकडे मी भिंतीसमोर उभी राहून हिंदीत बोलतेय. माझं झालं तेव्हा तिनं मान वर केली.

"गोड बोली राहिनी तू," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "पन माले काही पटनं नही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. चांगला तासभर मी तिच्याशी बोलले नाही. मग कागद पुन्हा वाचला आणि त्यातले ‘उत्तम’, ‘सर्वोत्कृष्ट’, ‘जागतिक दर्जाचे’ असले सगळे शब्द खोडले. सतरा निघाले. ते गेल्यावर बोलायला जे उरलं ते खरंच कापडाबद्दल होतं.

मीटिंग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. नागपूरहून वर्षा मॅडम एकट्याच आल्या होत्या. पन्नाशीच्या, पायात साध्या चपला, खांद्याला मोठी कापडी पिशवी. नर्सच्या धुण्याची स्लाइड आली आणि त्यांनी हातातला मोबाइल पालथा ठेवला. मला तेवढंच हवं होतं. मी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. कापड त्यांच्या हातात दिलं आणि त्या ते चुरगाळत असताना गप्प बसले, कारण माणूस कापड हाताळत असताना बोलणं म्हणजे जेवणाऱ्याला हाक मारण्यासारखं आहे. दर विचारला, सांगितला. मुदत विचारली, सांगितली. अठरा मिनिटांत नऊ स्लाइडी संपल्या. शेठ माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू मला त्यांनीच शिकवलं. मला वाटलं, रिंग रोड आता दोन हातांवर आहे.

मग मॅडमनी पिशवीतून एक पांढरा एप्रन काढला. त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत गुलाबी डाग पसरले होते. सोबत मरून कापडाचा वीतभर तुकडा, ताग्याच्या टोकाचा. त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवलं आणि हिंदीत सांगितलं की हा माल नोव्हेंबरात त्यांनी बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. व्यापारी मिलचं नाव सांगायला तयार नाही. त्याचा रंग उतरून तीनशे नर्सेसचे एप्रन खराब झाले. म्हणून त्या दोन दिवस सुरतच्या मिली फिरताहेत आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारताहेत, हा माल कुणाचा?

शेठनी तुकड्याकडे धड पाहिलंही नाही. तक्रार आली की आधी कानावर हात ठेवायचे, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. "ये माल हमारा है ही नहीं," ते म्हणाले.

मी मात्र पाहिलं. आमच्याकडे लॉट पास करताना ताग्याच्या टोकाला कात्रीनं खूण करतात. ज्याची त्याची खूण वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. कुणाची एक खाच, कुणाचा त्रिकोण. माझ्या दोन तिरप्या खाचा असतात, एक लांब, एक आखूड. तुकड्याच्या कोपऱ्यावर त्या दोन खाचा होत्या. आणि मला तो दिवस सगळाच्या सगळा आठवला.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता तो. आमच्या खानदेशी माणसांसाठी त्या दिवशी मिल म्हणजे नुसती धर्मशाळा असते. बॅगा मशीनपाशी, मन गाडीत. उधन्याहून अमळनेरची गाडी पाचला होती, तिकिटं दोन महिन्यांपूर्वी काढलेली. गडद रंगाच्या कापडाला शेवटी एक कडक धुलाई द्यावी लागते, म्हणजे वरवर बसलेला जादा रंग निघून जातो. त्याला दीड तास लागतो. मशीनवरचा माणूस वर येऊन मला सांगून गेला होता की एक पाणी बाकी आहे. मी म्हटलं, राहू दे, दिसतंय तर चांगलं, गाडी चुकेल. आणि कात्री मारली. पाच महिने मी स्वतःची समजूत घालत होते की काही होणार नाही. आता ते ‘काही होणार नाही’ समोर टेबलावर गुलाबी होऊन पडलं होतं.

खोलीत हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. शेठ त्यांच्या मते खरंच बोलत होते. मी नुसती गप्प बसले असते तरी ऑर्डर आली असती, खुर्ची आली असती. अक्षरशः तोंड मिटून ठेवायचं होतं, आणि तेच मला जन्मात कधी जमलेलं नाही. पण फक्त तेवढंच नव्हतं. ज्या बाईला मी थोड्याच वेळापूर्वी नर्सच्या धुण्याबद्दल ऐकवलं, तिच्यासमोर तो एप्रन बघत बसणं मला सहन होईना. मला माझीच लाज वाटली.

तालीम सगळी हिंदीत केली होती. हे बोलायची तालीम नव्हती, म्हणून ते मराठीत आलं.

"मॅडम, हा माल आमचाच आहे. पास मी केला होता."

शेठनी गुजरातीत मला गप्प राहायला सांगितलं. मी लॅपटॉप बंद केला, फळ्यापाशी गेले आणि मार्करनं त्या दिवसाच्या वेळा लिहिल्या. दोन वाजता कापड रंगून झालं. अडीचला मशीनवरच्या माणसानं सांगितलं की धुलाई बाकी आहे. पावणेतीनला मी पास केलं. सव्वातीनला टेम्पो गेला. चारला मी रिक्षात होते. त्यात धुलाईचा दीड तास कुठे बसत होता ते त्यांनीच बघावं, असं मी म्हटलं.

मॅडमनी फळ्यावरच्या वेळा एकेक करून वाचल्या. त्यांना राग आला होता, तो दिसत होता. मग त्यांनी मराठीत विचारलं, "यंदाच्या दिवाळीला काय करणार?"

याचं उत्तर माझ्याकडे पाच महिने तयार होतं, फक्त ते शेठना सांगायची हिंमत झाली नव्हती. सुट्टीआधीच्या तीन दिवसांत गडद रंग मशीनवर चढवायचाच नाही. आणि पास करणाऱ्या एकट्याची खूण पुरणार नाही, मशीनवरच्या माणसाचीही सही हवी. दोघांपैकी एकानं नाही म्हटलं तर माल हलणार नाही, मग मालकानं सांगितलं तरी. शेवटचं वाक्य मी शेठकडे बघून म्हटलं. शेठ बापुजींच्या फोटोकडे बघत होते.

चार मिली झाल्या, मॅडम म्हणाल्या, आणि चारही ठिकाणी आधी माल परका निघाला; आपलाच आहे म्हणणारं इथेच भेटलं. त्यांनी चाळीस हजार मीटर दिले नाहीत. दोन हजार दिले, एक लॉट, तोही मे महिन्यात त्या स्वतः येऊन धुऊन बघणार या अटीवर. तो उतरला तर पुढचं. शेठना दोन हजारातही नफ्याचा वास आला असावा, कारण ते एकदम गोड झाले, चहा मागवला, आणि मॅडम फोनवर बोलायला खिडकीशी गेल्या तेव्हा मला हळूच म्हणाले की बेन, सोमवारपासून रिंग रोडला बस, पण असं पुन्हा मला न विचारता नको.

मी धावतच जिना उतरले. खाली मशीनचा धडाका आणि वाफ. पप्पा कापडाचं टोक हातात धरून उभे होते, कोपरापर्यंत निळे. मी कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, तुकडा, खाचा, फळा, दोन हजार मीटर, रिंग रोड. वाटलं, खूश होतील. त्यांनी विचारलं, मशीनवरच्या माणसाबद्दल काय सांगितलंस? मी म्हटलं, हेच, की त्यानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

"मन्हं नाव सांगं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तुमच्या नोकरीवर गदा येईल म्हणून नाव नाही घेतलं, असं म्हटलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी तिथे त्या वाफेत उभी असतानाच मला कळलं. त्या थंड खोलीत, इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, मला जेट मशीनवाल्याची मुलगी व्हायचं नव्हतं.

पप्पांनी कापडाचं टोक सोडलं नाही. "सत्तावीस वरीस मशीनवर शे मी," ते म्हणाले. "तो दिन मी बरोबर बोलनू व्हतू. ते बी तू मन्हा नाववर सांगं नही?"

रागावले असते तर मी भांडले असते. ते रागावले नव्हते, फक्त विचारत होते. मी शेजारच्या मशीनवाल्याला हाक मारून कापडाचं टोक त्याच्या हातात दिलं, पप्पांचा ओला निळा हात धरला आणि त्यांना जिन्याकडे ओढलं. ते नको नको म्हणत होते, हात धुऊ दे, चप्पल तरी बदलू दे. मी ऐकलं नाही. दार उघडलं तेव्हा वर्षा मॅडम चहा पीत होत्या आणि शेठ बिस्किटं पुढे करत होते.

"मॅडम, हे लोटू पाटील," मी म्हणाले. "माझे वडील. एक पाणी बाकी आहे, हे त्या दिवशी यांनीच सांगितलं होतं."

मॅडमनी कप खाली ठेवला, उठून शेजारची खुर्ची ओढली आणि पप्पांना बसायला सांगितलं.