डॉक्टर पाहिजे भाऊ नको

मी एक ओळ बोलतेय. टॅबलेटच्या पडद्यावर, सगळ्यात वर असते ती. माझं स्वतःचं असं काहीच नाही. खालच्या तक्त्यातल्या शब्दांवर बोट पडलं की एक सूत्र ते शब्द जोडतं आणि माझ्यात आणून ठेवतं.

मला घडवलं एका मुलीनं. तिचे बाबा सुतार. झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ऑफिसात तयार तुकडे जोडून ॲप बनवायला ती शिकली होती. एका रविवारी तिनं तक्ता केला: पाणी, पंखा, डॉक्टर, पाहिजे. बाबांनी दोन शब्द दाबले आणि मी म्हणाले, ‘पाणी पाहिजे.’ मुलगी रडली. मीही भरून पावले.

पुढे तिनं जरा घुटमळत ‘भाऊ’ घातला. दोघा भावांचं एकच दुकान होतं. काहीतरी बोलाचाली झाली आणि सहा वर्षं अबोला. ‘नको’ तर अगदी शेवटी आला. आजारी माणसालाही नाही म्हणायचं असतं, हे तिच्या ध्यानातच नव्हतं!

एका दुपारी ती बाबांना डॉक्टरांकडे न्यायला निघाली होती. त्यांच्या पायात बूट चढवत असताना दार वाजलं. बाहेर काका.

बाबांचं बोट कधी नव्हे इतकं भरभर चाललं. भाऊ, पाहिजे, डॉक्टर, नको.

पण सूत्र शब्द जोडायचं ते तक्त्यातल्या क्रमानं. माझ्यात उमटलं, ‘डॉक्टर पाहिजे भाऊ नको.’

मुलीनं वाचलं. दाराशी जाऊन खालच्या आवाजात म्हणाली, “काका, बाबा नको म्हणतायत.”

“बरं,” काका म्हणाले. “दादाला सांग, येऊन गेलो.”

बाबांनी टॅबलेटवर थाप मारली. तिला वाटलं, ते काकांवर चिडलेत. मी जिवाच्या आकांतानं सांगायला बघत होते. पण मला कुठला आवाज?

आठवडाभर बाबांनी मला हात लावला नाही. मग एका सकाळी त्यांनी पंखा, नको, पाणी, पाहिजे असं दाबलं. मी भलतंच दाखवलं: ‘पाणी पंखा पाहिजे नको.’ या वेळी मुलीची नजर त्यांच्या बोटावर होती. तिचा चेहरा उतरला.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होतात?”

तिनं तिथंच बसून सूत्र बदललं. आधी दाबलेला शब्द आधी. बाबांनी एकेक शब्द सावकाश दाबला, आणि आता मी त्यांचं खरं बोलले: ‘भाऊ पाहिजे डॉक्टर नको.’

तिनं लगेच फोन लावला.

काका आले. बराच वेळ दुकानातलं, लाकडांचं बोलत राहिले. “दादा, तू पण बोल की!” काका म्हणाले. मुलीनं मला पुढे केलं. बाबांनी मला बाजूला सारलं आणि काकांचा हात धरला. घशातून खरखरीत आवाज आला, “बस.”

आता काका रोज येतात. रंधा, करवत, पटाशी असे शब्द बाबांकडून वदवून घेतात, चुकले की दोघं हसतात. मी कपाटावर असते. मुलगी अधूनमधून चार्जिंगला लावते, पडदा उजळतो आणि मला माझं कोरेपण दिसतं.

खूप बोला, बाबा. मी रिकामी आहे ते तुम्ही बरे झालात म्हणूनच, हे मला कळतं. पण शेजारच्या खोलीतून तुमचा आवाज आला की वाटतं, त्यातलं एखादं वाक्य माझ्यातून गेलं असतं तर.