पुलापलीकडची लिओला

"सावकाश खणा रे दोघं! झाकण उडवलंत तर गावाला माती वाढावी लागेल," लिओला ओरडली.

"हा उगाच घाई करतोय," थोरला ग्रिंडल म्हणाला.

"हा मुळात चुकीच्या बाजूने खणतोय," धाकटा ग्रिंडल म्हणाला. सत्तरी ओलांडलेल्या या दोघा भावांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं.

खड्ड्यातून वाफा येऊ लागल्या. आदल्या संध्याकाळी निखाऱ्यांवर पुरलेली बीन्सची बिडाची भांडी रात्रभर जमिनीत शिजली होती. काकवीचा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा वास म्युझियमच्या मागच्या अंगणातून पार धक्क्यापर्यंत पोचला होता. हॅलेट्स नेक गावच्या इतिहास मंडळाचं हे वर्षाचं जेवण. दुपारी जेवण, मग तिथेच सभा. बीन्स भिजवण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं लिओला मिचॉडच बघायची. गेली कित्येक वर्षं म्युझियमचं कुलूप तिच्याच हाताने उघडत होतं. त्याआधी तिने शाळेची बस चालवली होती, त्यामुळे गावातल्या अर्ध्याअधिक माणसांना ती अजूनही "खाली बस!" म्हणून दरडावू शकत असे.

पण मंडळाची विश्वस्त ती नव्हती. होऊच शकत नव्हती, कारण तिचा जन्म गावातला नव्हता.

त्याचं असं झालं. लिओलाच्या आईला कळा सुरू झाल्या त्या रात्री गावचा डॉक्टर पूल ओलांडून ब्रॅकेटला नाचायला गेला होता. मग आईला ट्रकमध्ये घालून ब्रॅकेटला नेलं आणि नाचाच्या हॉलशेजारच्या खोलीत लिओला जन्मली. आठवड्याभरात ती आईच्या कुशीत पूल ओलांडून घरी आली आणि त्यानंतर सगळा जन्म तिने हॅलेट्स नेकमध्येच काढला. पण मंडळाच्या घटनेत स्पष्ट म्हटलं होतं, विश्वस्त पाच असावेत आणि पाचही गावात जन्मलेले असावेत. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या आर्डिथ बीलने तिला 'पुलापलीकडची' हे नाव ठेवलं, ते आर्डिथ स्वतः विश्वस्त झाल्यावरही सुटलं नाही. लिओला हसून सोडून द्यायची. लागायचं मात्र दरवेळी.

हा नियम केला तेव्हा गावात डॉक्टर होता, सुईण होती, चार खाटांचं प्रसूतिगृह होतं. पुढे ते बंद पडलं आणि गावची सगळी पोरं ब्रॅकेटच्या दवाखान्यात जन्माला येऊ लागली. आपल्या गावात आता कुणी जन्मतच नाही, हे मंडळाच्या लक्षातच आलं नाही. इतिहास सांभाळण्याच्या नादात पुढचं बघायचं राहून गेलं. आणि गेल्या हिवाळ्यात पाचांपैकी म्हातारा बर्ली वारला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आर्डिथ, दोघे ग्रिंडल आणि अध्यक्ष धरून चारच उरले. पाचवा विश्वस्त आणायचा कुठून? गावातले उरलेसुरले तीन पात्र म्हातारे वृद्धाश्रमात होते, त्यांतल्या दोघांना स्वतःचं नावही आठवत नव्हतं आणि तिसऱ्याने पत्ते सोडून यायला साफ नकार दिला होता. नियम बदलावा म्हटलं, तर त्यालाही पाचही विश्वस्त हजर लागत. आणि वार्षिक सभेपर्यंत पाच झाले नाहीत तर सगळं सामान जिल्ह्याच्या म्युझियमला, म्हणजे ब्रॅकेटला, द्यायचं होतं. त्या सामानात लिओलाच्या नवऱ्याचा, रॉयसचा, पिवळा रेनकोटही होता. खेकडे धरायला जाताना तो घालायचा. रॉयस गेल्यावर तिने तो स्वतःच्या हाताने इथल्या खुंटीवर टांगला होता. तो पुलापलीकडे जाणार या विचाराने तिची झोप उडाली होती.

शेवटी अध्यक्ष मर्टन स्प्रॉलने फोनाफोनी करून अ‍ॅरिझोनातला एक माणूस शोधून काढला. गारलंड पेटेंगिल. प्रसूतिगृह बंद पडण्याआधी तिथे जन्मलेलं शेवटचं मूल. तीन वर्षांचा असताना आईबापांनी त्याला इथून नेलं, त्यानंतर त्याने गावाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"लिओला, हे पेटेंगिल," मर्टन त्याला घेऊन अंगणात आला. उंच टोपी आणि भर ऑगस्टात अंगात जाडजूड स्वेटर, असा पाहुणा होता. "जेवणाआधी यांना जरा गाव दाखवून आण. तुला सगळं ठाऊक आहे."

हे म्हणजे जखमेवर मीठ होतं. पण लिओलाने अ‍ॅप्रन सोडला.

"तुमचं घर दाखवते," ती म्हणाली. "तिथे आता केस कापायचं दुकान आहे. तुमचा पाळणा ठेवायचे त्या जागी आता केस धुतात."

पेटेंगिल खळखळून हसला. त्याला गावातलं काहीही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असल्याचा आवही तो आणत नव्हता. हे तिला आवडलं. त्याच्या वडिलांची बोट कुठे लागायची, आजी कुठल्या बाकावरून पाद्रीबाबांशी वाद घालायची, सगळं तिने दाखवलं. दुकानातून, पोस्टातून लोक हाका मारत होते. "लिओला, बीन्स झाले का गं?" "बाई, मला कडेचा कुरकुरीत भाग ठेवा!"

"तुमचं घर कुठलं? जन्म कुठे झाला तुमचा?" त्याने विचारलं.

तिने नाचाच्या हॉलची गोष्ट सांगितली. ती सांगताना ती नेहमी विनोद करायची, आजही केला. पेटेंगिल हसता हसता थांबला.

"थांबा हो. म्हणजे मी इथला, आणि तुम्ही बाहेरच्या?"

"नियम आहे तसा."

"मला फोनवर म्हणाले, काही करायचं नाही, नुसता हात वर करायचा आणि बीन्स खायचे."

"तेवढंच आहे. खरंच सोपं आहे. तुम्ही हो म्हणा म्हणजे झालं," लिओला म्हणाली. आणि मग तिच्याच्याने राहवलं नाही. "हे सगळं इथेच राहू दे हो. बाकी मला काही नको."

ते खरं नव्हतं. बाकीचंही तिला हवं होतं, लहानपणापासून हवं होतं. पेटेंगिलने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

जेवण झकास झालं. पेटेंगिलने तीनदा बीन्स घेतले आणि हे जमिनीत पुरायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल यावर टेबलावर मोठाच वाद झाला. ग्रिंडल बंधू अर्थातच दोन टोकांना होते. मग मर्टनने लाकडी हातोडी आपटली. पेटेंगिलला विश्वस्त नेमण्याचा ठराव आला आणि लागलीच मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. लिओलाने स्वयंपाकघराच्या दारातून टाळ्या वाजवल्या. रेनकोट वाचला होता. तिने मोठा श्वास घेतला.

"अध्यक्ष महाराज," पेटेंगिल उभा राहिला, "मला एक ठराव मांडायचाय. आता आपण पाच आहोत ना?"

"आहोत," मर्टन सावधपणे म्हणाला.

"मग तो जन्माचा नियम काढून टाकावा."

मर्टनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"याला माझा विरोध राहील," तो म्हणाला. "कुणा माणसाला नाही. पण शंभर वर्षांचा नियम जेवणाच्या टेबलावर मोडायचा नसतो."

"माझा पाठिंबा," थोरला ग्रिंडल म्हणाला.

"मग माझा विरोध," धाकटा म्हणाला.

दोन आणि दोन. सगळ्यांच्या माना आर्डिथकडे वळल्या. आर्डिथ ब्राउन ब्रेडचा तुकडा मोडत होती. लिओला पुढचं ऐकायला नको म्हणून आत वळली. भांडी तरी घासायला घेऊ, तिने स्वतःला सांगितलं.

"माझ्या तिन्ही पोरांना हिने शाळेत पोचवलं," आर्डिथ म्हणाली, कुणाकडेच न बघता. "बर्फात, धुक्यात, सगळ्यात. एकदा माझा धाकटा घरी यायला तयार नव्हता, मी रागाने मारलं होतं त्याला. हिने त्याला बसमध्ये बसवून गावाला दोन फेऱ्या मारल्या आणि रडू थांबल्यावर माझ्या दारात आणून सोडला. मला एका शब्दाने बोलली नाही. आभार मानायचे राहून गेले ते राहूनच गेले." तिने ब्रेड खाली ठेवला. "नियम गेला खड्ड्यात. माझा पाठिंबा."

"खड्ड्यात आता जागा आहेच," मागून कुणी तरी म्हणालं, आणि अख्खं अंगण हसलं.

पेटेंगिल अजून उभाच होता. "आता मी राजीनामा देतो. आणि माझ्या जागी मिचॉडबाईंचं नाव सुचवतो."

"तुम्ही विश्वस्त होऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत!" मर्टन म्हणाला.

"मग इतिहासात माझी नोंद करा."

पुन्हा हात वर झाले. थोरल्या ग्रिंडलने आधीच हात वर केला होता, म्हणून धाकट्याला विरोध करावाच लागला. मात्र तो स्वयंपाकघराच्या दारात लिओलाच्या कानाशी येऊन पुटपुटला, "मनातून माझा पाठिंबाच आहे हं." मर्टनचा हातही या वेळी वर होता आणि तो चांगलाच उंच होता. लिओलाला तिघांनी ओढून टेबलाशी आणलं. हात साबणाने ओले, अ‍ॅप्रन काकवीने माखलेला. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. काय करावं ते न सुचून तिने आर्डिथचा हात धरला, तोही ओल्या हाताने.

मर्टनने सभेच्या वृत्तान्ताची वही पुढे ओढली. काही झालं तरी कामकाज नीट व्हायला हवं. "नवीन विश्वस्त लिओला मिचॉड," तो लिहिता लिहिता म्हणाला. मग सवयीने पुढच्या रकान्यापाशी आला आणि थबकला. "जन्मस्थान..."



"लिही ना, हॅलेट्स नेक," आर्डिथ हळूच म्हणाली. "कोण बघायला येणार आहे? आम्ही सगळे सांगू, इथलीच आहे म्हणून."

मर्टनने, नियमांसाठी जीव टाकणाऱ्या मर्टन स्प्रॉलने, खरंच पेन टेकवलं. तो लिहिणार होता. लिओलाने ते पाहिलं. जन्मभर तिला हेच हवं होतं आणि आता ते एका शब्दावर आलं होतं.

"नाही हं," ती म्हणाली. तिचा आवाज बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसाच खणखणीत निघाला. "आपलं इतिहास मंडळ आहे. ब्रॅकेट लिही, मर्टन. नाचाच्या हॉलशेजारची खोली, असं लिही. अक्षर नीट काढ."

मर्टनने खाली मान घालून शब्दन् शब्द लिहिला. तो लिहीपर्यंत सगळं गाव थांबून राहिलं होतं.