बर्फघरातलं अंगण

रबरी हातोडा फरशीवर पडला की एक आवाज येतो आणि माणसावर पडला की दुसरा. गवंड्याच्या घरात वाढलेल्या इंजिनिअर एकताला हा फरक कळायला दार उघडायची गरज नव्हती. तरी तिने ते जाडजूड दार खांद्याने लोटलं, आणि उणे पाच अंशांची हवा तिच्या तोंडावर चापट मारावी तशी आदळली.

बाहेर जुरोंगचं ऊन डांबर वितळवत होतं आणि आत बर्फ होता. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही त्या सिंगापूरकरांसाठी जुन्या गोदामाचं हे बर्फघर केलेलं. मधोमध खुर्च्या टाकून गरम चॉकलेट पीत बसायला फरसबंदी. नकाशात तिला पॅटिओ म्हटलं होतं. एकता अंगण म्हणायची, म्हणून सगळेच अंगण म्हणू लागले. दर पंधरवड्याला यंत्रं बंद करून बर्फ वितळू द्यायचा, जागा धुवायची, पुन्हा गोठवायची. चाचणीतली चौथी धुलाई परवा झाली होती.

आणि आज अंगणाकडे बघवत नव्हतं. खाली कुणीतरी गाडलेलं जिवंत असावं आणि त्याने पाठ लावून उठायचा प्रयत्न केलेला असावा, तसं ते मधोमध फुगलं होतं. ब्लॉक उभे चिरले होते. कडेची पट्टी उखडून हातभर लांब पडली होती.

त्या मोडतोडीवर शफीकुल गुडघ्यांवर होता. पस्तिशीचा बांगलादेशी गवंडी, दोन मुलींचा बाप. त्याची कॉलर सुपरवायझर दादारावांच्या डाव्या मुठीत आणि उजव्या हातात हातोडा.

"सिमेंट किसके अकल से भरा? बोल! तेरे अकल से ना?"

एक फटका खांद्यावर बसला. शफीकुलने मान वर केली आणि दारात उभ्या एकताकडे पाहिलं.

अक्कल एकताची होती.

नकाशा थंड मुलखातल्या माणसाने काढलेला. खाली नुसती मोठी खडी, त्यात पोकळी, पाणी निथळून जायला नळी. वर जाडी वाळू. ब्लॉकच्या सांध्यांतही नुसती वाळू. एकताने तो पाहिला तेव्हा तिला हसूच आलं होतं. अकोल्यात तिच्या बाबांनी शेकडो अंगणं घातली, एकातही फट सोडली नाही. फट म्हणजे आळशी गवंडी, असं ते म्हणत. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आदल्या दिवशी, पोटावर हात ठेवून, ती शफीकुलला म्हणाली होती, "खडीत दगडाची चुरी भरून घे, सांधे सिमेंटने बंद कर. धुवायला बरं." त्याने मान हलवली होती. कागदावर कुठेच काही नव्हतं.

सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडल्या. पाणी आत गेलं, चुरीत अडकलं, गोठलं, फुगलं. जागा नव्हती, म्हणून त्याने जागा केली.

दुसरा फटका पाठीवर बसला.

बोल, एकता. पण ती दारातच उभी राहिली. नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याला, सौमित्रला, तांजोंग पगार भागातल्या बँकेने पुठ्ठ्याचं खोकं हातात देऊन बाहेर काढलं होतं. तो आणि पाच महिन्यांची मैत्रेयी, दोघं आता तिच्या नोकरीच्या पासवर इथे राहत होते. तिची नोकरी गेली की वुडलँड्सचा फ्लॅट, मैत्रेयीचं खिडकीशी बांधलेलं घुंगराचं झुंबर, सगळं महिन्याभरात गुंडाळायचं.

तिसरा.

चौथ्याला शफीकुलने डोक्यावर हात घेतला, आणि हातोडा बोटांवर आला. वाळकी तुरकाठी मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडला ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

"मी सांगितलं होतं!" एकता धावली. "काका, थांबा! सिमेंट मी सांगितलं होतं. तुम्ही तिथंच उभे होता!"

दादारावांनी मान वळवली. साठीला टेकलेला माणूस, अचलपूरकडचा, पंधरा वर्षं इथे सुपरवायझर. एकता पहिल्यांदा विमानतळावर उतरली तेव्हा 'जय भीम, पोरी' म्हणत तिची बॅग उचलणारा. त्यांच्या हिराकाकूंनी तिचं बाळंतपण केलं होतं, डिंकाचे लाडू वळले होते.

"मले ठावं हाय," ते हळूच म्हणाले. "म्हणूनच तं मारून राह्यलो."

"काय?"

"साहेब अकराले येते. त्याच्या आधी याच्या तोंडून कबूल करून घेतो. याचं परमिट जाईन, तुहा पास राहीन. आपली पोरगी इंजिनिअर होऊन इथवर आली, तिले मी कसा खाली पडू देऊ? तू बाहेर जाय. लेकरू आहे तुले, हे पाहू नोको."

असं प्रेमाने म्हणून त्यांनी हातोडा पुन्हा उचलला.

एकताने दांडा धरला. दादारावांनी हिसडा दिला, ती सोडेना. दुसऱ्या हिसड्याला दांड्याचं टोक तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, गरम खारट रक्त जिभेवर आलं. ती पाय घसरून फुटक्या ब्लॉकांवर पडली. ती दुधाची वेळ होती. कोटाच्या आत छाती पाझरायला लागली होती, आणि त्या थंडीत तो ओलावा क्षणात सुरीसारखा गार झाला.

ब्लॉक तिच्या हातात कधी आला ते तिला नंतरही आठवलं नाही. अर्धा चिरलेला, धारदार. ती उठली तेव्हा तो तिच्या डोक्याच्या वर होता आणि खाली दादारावांचं टक्कल होतं, कानटोपी सरकलेली. लाडवांचा डबा घेऊन दारात वाकून चपला काढणारं तेच टक्कल. तिचे हात खाली यायला निघालेच होते.

तिने शेवटच्या क्षणी ते वळवले. ब्लॉक अंगणावर आदळून फुटला, एक कपची उडून दादारावांच्या गालात घुसली.

"वीटभट्टीवर तुमच्या पाठीवर मालकाने वळ उठवले म्हणून सांगता ना!" ती किंचाळली. "त्यालाही वाटत असेल, आपल्या माणसासाठी मारतोय!"

दादारावांनी गालाला हात लावला. रक्त पाहिलं, मग हातोडा पाहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा आपल्या हातात आलाय. तो त्यांनी ठेवला नाही; त्यांच्या बोटांतून तो पडला.

अकराला साहेब आले. एकताने फाटक्या ओठाने सगळं सांगितलं: सूचना कुणाची, हात कुणी मोडला, कुणासाठी मोडला. त्यांनी अंगणाला एक फेरी मारली आणि म्हणाले, शुक्रवारी उद्घाटन आहे. तोवर नीट करून दे, मग तुझा राजीनामा घेतो. दादारावांना त्यांनी तिथेच घरी पाठवलं. शफीकुलच्या परमिटला हात लागणार नाही, हे एकताने त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि मग त्याला हॉस्पिटलात नेलं. टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

चार दिवस पहारींचे घाव चालले. सगळं उपसलं. चुरी एकताने स्वतः खोऱ्याने ओढली. धुतलेली खडी थराथराने दाबली, वर जाडी वाळू, कडेला लोखंडी पट्टी खोल खिळ्यांनी ठोकली. सांध्यांत कोरडी वाळू झाडूने लोटताना तिचा हात थबकायचा. बाबा बघतायत असं वाटायचं. पण प्रत्येक फट तिने राहू दिली.

गुरुवारी यंत्रं बंद केली, बर्फ वितळवला, पाणी सोडलं. पाणी सांध्यांतून गुपचूप खाली गेलं आणि नळीतून बाहेरच्या गटारात उतरलं. मग पुन्हा गोठवलं. शुक्रवारी सकाळी एकता एकेका ब्लॉकवर पाय देत पूर्ण अंगण चालली. एकही डुगडुगला नाही.

शफीकुल दाराशी उभा होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डॉक्टर म्हणाले होते दोन बोटं पुन्हा वळणार नाहीत.

"अच्छा बना," तो म्हणाला.

"शफीकुलभाई, मुझे माफ करना."

त्याने डाव्या हाताने प्लास्टर सावरलं आणि अंगणाकडे पाहिलं.

"आप बोला, मॅडम. सब को बोला. अपना नौकरी दे दिया, मालूम है." तो थांबला. "लेकिन आप के सामने चार मार था. आप तीन तक खडा होके गिना."

पलीकडे कुणीतरी रंगीत फिती बांधत होतं. पहिली मुलं कोट घालून दाराशी आली होती, ओरडत होती. एकताने वाट सोडली. मुलं धावत तिच्या अंगणावर गेली, उड्या मारल्या, पडली, उठली. खाली काही हललं नाही.