आदर्श खड्डा

सौंसरहून पांढुर्ण्याला जाताना मधे बोरपाणी लागतं. शहाऐंशी साली बोरपाणीची ग्रामपंचायत जाऊन नगरपालिका झाली आणि त्याबरोबर गावातल्या उकिरड्यांचा कचरा झाला. काल जे खत होतं ते आज शहराला शोभेना. कचऱ्यापासून खत करायला भोपाळहून अनुदान आलं. त्यातून गावाबाहेर सिमेंटचा मोठा खड्डा झाला, तारेचं कुंपण झालं, फाटक झालं. खड्ड्यात टाकायला मात्र काही मिळेना. बोरपाणीत कुणी काही फेकतच नव्हतं. शेण, पालापाचोळा, संत्र्याची सालं, चुलीतली राख, सगळं घरामागच्या उकिरड्यावर जायचं आणि उन्हाळ्यात तिथून शेतात.

दिवाळी जवळ आली तेव्हा कळलं की भोपाळचे साहेब खड्डा पाहायला येणार आहेत. खत दिसलं तर पुढचा हप्ता, नाही तर नाही.

तेव्हा नगराध्यक्ष रघुनाथराव सफाई दरोगा कवडूला घेऊन शालिकरामच्या दारात आले. शालिकरामच्या घरामागचा उकिरडा गावात नावाजलेला होता. तो त्याच्या बायकोचा, देवकाबाईचा. ती रोज टोपलं रिकामं करायची, वरून राख भुरभुरायची, पाणी शिंपडायची, काडीनं उकरून पाहायची. पोळ्याच्या आधी देवकाबाई तापात गेली. तेव्हापासून शालिकरामनं उकिरड्यावर काही टाकलं नव्हतं आणि त्यातलं काही काढलंही नव्हतं.

"शालिकभाऊ, तुमचा उकिरडा आठ रोजासाठी द्या," रघुनाथराव म्हणाले.

"उकिरडा का खलबत्ता हाय बाप्पा, आठ रोजासाठी न्यायला?"

"साहेब आला, गेला, की परत. कवडू ट्रॉलीनं आणून टाकते."

"दिवाळीच्या आत पाहिजे मले."

"काहून काकाजी, फराळाले?" कवडू म्हणाला. रघुनाथरावांनी त्याला कोपरानं ढोसलं.

काहून ते सगळ्यांना माहीत होतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घरची बाई जुन्या झाडूनं घर झाडते, केर आणि तो झाडू उकिरड्यावर नेऊन टाकते आणि तिथं दिवा लावते. देवकाबाईनं हे कधी चुकवलं नाही. ताप डोक्यात गेला असताना तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "दिवाळीले उकिरड्यावर दिवा लावजा. नाई तं माह्या फोटोपुढं लावान अन् उकिरडा विसरान."

ट्रॉली आली. देवकाबाईच्या उकिरड्यानं खड्ड्याचा एक कोपराही भरेना, म्हणून कवडूनं साऱ्या गल्लीतले उकिरडे उचलले. बाकीच्यांना विचारायला वेळ नव्हता.

साहेब नाकाला रुमाल लावून आले. वास येईना, म्हणून त्यांनी रुमाल काढला आणि मूठभर खत हातात घेतलं.

"वाह! इतने कम समय में ऐसी खाद?"

"जनसहयोग, साहब," रघुनाथराव म्हणाले. एवढ्या कामात खरं बोललेलं ते एकच वाक्य.

साहेब इतके खूश झाले की हप्ता तर मिळालाच, वर हुकूमही मिळाला. दुसऱ्या गावांची माणसं येऊन पाहून जाईपर्यंत या खताला हात लावायचा नाही. दुसऱ्याच दिवशी फाटकावर पाटी लागली: आदर्श कम्पोस्ट गड्ढा. यहाँ कचरा डालना सख़्त मना है.

शालिकराम रघुनाथरावांकडे गेला. "माहा उकिरडा?"

"तो आता शासनाचा झाला, भाऊ. इज्जत वाढली त्याची."

"अन् दिवा कोठी लावू?"

"तिथं पालिकेचा खांब हाय न! लाइटच लाइट."

पाडव्याच्या पहाटे शालिकरामनं देवकाबाईचा जुना झाडू घेतला आणि घर झाडलं. त्याला नीट झाडता येत नव्हतं. पलंगाखालच्या केराबरोबर तिच्या लांब, अर्ध्या पिकल्या केसांचा गुंता निघाला. तो त्यानं टोपल्यात टाकला, झाडू वर ठेवला आणि दिवा घेऊन घरामागे गेला. तिथं उघडी जमीन होती. अशा जागी दिवा लावला असता तर ती हसली असती. तो खड्ड्याकडे निघाला.

फाटकाशी कवडू घोंगडी पांघरून बसला होता. "काकाजी, पाटी वाचली न?"

"वाचली. उघड."

"कचरा टाकणं मना हाय."

"देवकाचा झाडू हाय हा."

कवडूनं घोंगडी आणखी अंगाभोवती ओढून घेतली. एवढ्यात मागून शेजारची कलाबाई आली, कडेवर टोपलं, हातात दिवा. तिच्यामागे सारी गल्ली.

"ए कवड्या, माहा उकिरडा आत हाय. उघड लवकर, दिवा इझून राह्यला."

"मावशी, नोकरी जाईन माही!"

"जाऊ दे. मांगं पाय, तुही मायबी टोपलं घेऊन उभी हाय."

कवडूनं मागे पाहिलं. आई खरंच होती. त्यानं फाटक उघडलं.

आत सगळे उकिरडे एक झाले होते. देवकाबाईचा कोणता ते शालिकरामला ओळखू येईना. तो दिवा घेऊन नुसता उभा राहिला.

"कोठीबी लावा, भाऊजी," कलाबाई म्हणाली. "ती काय आपल्याच उकिरड्यापाशी राहे? रोज आमचा उकरे अन् नावं ठेवे."

शालिकरामनं समोरच दिवा ठेवला. केर ओतला, झाडू टाकला. बायकांनीही टोपली पालथी केली. दिव्यांच्या उजेडात कवडू पाहत राहिला. खड्डा झाल्यापासून पहिल्यांदाच त्यात गावानं आणून कचरा टाकला होता आणि त्याची नोकरी तो अडवण्याची होती.

बायका गेल्या. शालिकराम फाटकाशी थांबला.

"उद्या येतो मी, कवडू. राख घेऊन. वरून राख टाका लागते, पाणी शिंपा लागते."

"अन् पाटी, काकाजी?"

शालिकरामनं पाटीकडे पाहिलं. वर एक खिळा निघाला होता. उद्या राख बादलीतून आणायची होती, म्हणून रिकामं टोपलं त्यानं त्या खिळ्याला अडकवलं, पाटी त्याखाली झाकली गेली, आणि तो राखेसाठी चूल पेटवायला घरी गेला.