वरच्या थरातला दात

प्राणहिता नदीच्या उंच थडीवर उभा राहून देवाजी एका दाताची वाट पाहत होता. दात माशाचा, तोही डायनोसॉरांच्या काळातल्या. मासा असा चिवट, की पाणी आटलं तरी फुप्फुसाने श्वास घेऊन तग धरायचा. थडीच्या तांबड्या मातीत त्याचे नाना तऱ्हेचे दात मिळत होते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे कंगोरेदार. त्यावरच्या, नंतरच्या काळातल्या पांढुरक्या पट्ट्यात मात्र एकच तऱ्हा, तीही मोजकी. एवढं मोठं खानदान काळाबरोबर ओसरत गेलं, असं त्याचे नागपूरचे प्रोफेसर सांगत. त्या वरच्या पट्ट्यात वेगळा दात निघाला, की प्रोफेसरांना आपलं म्हणणं बदलावं लागणार होतं. देवाजीला त्याची भलतीच घाई झाली होती.

थडीच्या निम्म्यात एक अरुंद पायवाट होती. तिच्यावर जवळच्या गावचा सुकलू सळईने दात शोधत होता. पायाशी तांबडी माती, डोक्याशी पांढुरका पट्टा आणि त्याच्याही वर पुढे आलेली दरड. त्या दरडीला उजव्या अंगाला भेग पडली होती. देवाजीने ती सकाळीच पाहिली होती, आणि दात निघेपर्यंत टिकेल म्हणून गप्प राहिला होता. आता त्या भेगेत खडे घरंगळू लागले.

"गावला जी!" खालून सुकलूची हाक आली.

तेवढ्यात भेग डोळ्यांदेखत बोटभर रुंदावली. देवाजी ओरडला,

"वर ये, सुकलूभाऊ! वर ये!"

सुकलूने मान डोलावली, मूठ मिटली आणि निघाला. पण थडी चढायची वाट होती डावीकडे, आणि हा बाबा चालला उजवीकडे, नेमका फुटक्या दरडीखाली!

"अरे वर! वर!" देवाजी हात नाचवत ओरडला. सूर्य त्याच्या पाठीशी होता. सुकलूला खुणा कसल्या दिसतात! आवाज मात्र स्वच्छ पोचला. त्याने पाऊल उचललं, तेही उजवीकडेच.

"वरच चाललो ना भाऊ! काऊन बोंबलून राह्यले?"

सुकलूची बायको बुधरी नदीवर पाण्याला आली होती. तिने मान वर करून दरड पाहिली आणि हंडा टाकून किंचाळली, "खाली पय! खाली!"

"खाली नको!" देवाजी तिच्यावर खेकसला. "दरड पडते आहे! वर!"

सुकलू थांबला. एक म्हणतो वर, दुसरी म्हणते खाली. बिचारा बरोबर भेगेखाली उभा राहून दोघांकडे पाहू लागला.

"खाली, जिकडे पाणी जाते तिकडे!" बुधरी रडत ओरडली.

तेव्हा कुठे देवाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. तो चांद्याच्या कोळसा खाणीजवळ वाढलेला. त्याच्या लेखी वर म्हणजे उजेडाकडे. इथे नदीकाठी वर म्हणजे पाणी येतं ती बाजू. आपणच या माणसाला ओरडून ओरडून मरणाखाली उभं केलं! सगळा जीव एकवटून तो ओरडला, "खाली! बुधरीबाई म्हणते तसं! पळ!"

सुकलू पळाला. त्याच्या मागे दरड धाडकन कोसळली. तांबडी माती, पांढुरका पट्टा, सगळे थर एकमेकांत मिसळून प्राणहितेत गेले. धुळीने काही दिसेना.

देवाजी ठेचकाळत वाळूत उतरला. सुकलू बसला होता, केसापासून नखापर्यंत लाल. बुधरी त्याची पाठ चोळत होती. त्याने खोकत मूठ उघडली. तळव्यावर दात होता, कंगोरे नेहमीपेक्षा बारीक, अगदी वेगळाच.

देवाजीच्या तोंडून आधी तेच निघालं. "कुठे मिळाला, सुकलूभाऊ?"

"वर," सुकलू म्हणाला.

पांढुरक्या पट्ट्यात, की पाणी येतं त्या बाजूच्या तांबड्या मातीत? विचारायला देवाजीने तोंड उघडलं. बुधरी त्याच्याकडेच पाहत होती.

"मानूस मरता मरता वाचला," ती म्हणाली, "अन् तुमी दाताचं पुसून राह्यले."

शरमेने देवाजीचे कान तापले. तो नदीवर गेला, ओंजळीत पाणी आणलं आणि सुकलूसमोर धरलं.