जाळीचा मांडव

"ओढ, ओढ! अगं, एवढी फट राहिली तरी सगळं खानदान घेऊन आत येतील डास."

रेजाँ शिडीवरून ओरडत होता आणि खाली जिनेट दोन्ही मुठींत जाळीची कड धरून जीव खाऊन ओढत होती. कडेतली दोरी एकदाची ट्रेलरच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, छताजवळच्या खाचेत सरकून बसली. तळ्याकाठच्या या उन्हाळी कॅम्पचे मालक जमिनीत खड्डा खणू देत नसत, म्हणून चार लाकडी खांब सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे केले होते. त्यांच्यावर पांढरी जाळी ताणून बसली, तशी जिनेटने चक्क टाळ्या वाजवल्या. साठी उलटली होती बाईची, पण नाचायचीच काय ती बाकी होती.

"दार तळ्याच्या बाजूला घे ना," ती म्हणाली. "संध्याकाळी पाणी दिसेल."

"दार पुढूनच बरं. सगळ्यांना पुढूनच लागतं."

"सगळे कोण? आपण दोघंच तर आहोत."

रेजाँने घाईघाईने चार खिळे ओठांत धरले. तोंडात खिळे असले की बायकोला उत्तर द्यावं लागत नाही. जाळीसुद्धा तिला हिरवी हवी होती, तर हा पांढरी घेऊन आला. पांढरी कुणालाही चालते म्हणे. पण जिनेटने मनाला लावून घेतलं नाही. मांडव होतोय, हेच तिला खूप होतं.

या तळ्यावरच्या डासांना जिनेटचं रक्त भारी गोड लागायचं. बाकीचे लोक खाजवायचे आणि विसरायचे. हिचा मात्र हात मनगटापासून टम्म फुगायचा, डोळे मिटून जायचे. शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षभर पोरांच्या ताटल्यांत सूप ओतताना ती या तळ्याचे दिवस मोजायची, आणि इथे आली की सूर्य कलताच ट्रेलरमध्ये जाऊन खिडकी लावून घ्यायची. बाहेर जागोजागी शेकोट्या पेटत, कुणीतरी अकॉर्डियन काढी, हसण्याखिदळण्याला ऊत येई. ते सगळं हिने काचेआडून ऐकायचं. रेजाँ पेशाने भिंती उभारणारा. अख्ख्या जिल्ह्यातल्या लोकांच्या घरांत त्याने भिंती घातल्या, पण बायकोने जाळीचा आडोसा मागितला की ठरलेलं उत्तर, पुढच्या वर्षी बघू.

या वसंतात तो निवृत्त झाला आणि इथे आल्या आल्या आपण होऊन म्हणाला, "यंदा तुझा मांडव करून टाकू." जिनेटला रडूच आलं.

एवढ्यावरच थांबला नाही पठ्ठ्या. "तू शिवत बस, धुण्याचं मी बघतो," म्हणत दर आठवड्याला टोपली खांद्यावर मारून तो कॅम्पच्या धुलाईघरात जाऊ लागला. साबण यंत्रात कुठे घालतात हे ज्याला जन्मात ठाऊक नव्हतं, तो आता टॉवेलच्या घड्या घालून आणायचा. जिनेटने बहिणीला मुद्दाम फोन करून सांगितलं, "म्हातारपणी सुधारतात गं हे लोक!" आणि ती मशीनवर बसून जाळीच्या तळाला कापडी नळ्या शिवत राहिली. नळ्यांत वाळू भरली की कड जमिनीला दाबून बसते आणि बारक्या काळ्या माश्या खालून शिरत नाहीत. ही युक्ती तिची स्वतःची.

बांधकामवाल्यांची दरवर्षीची उन्हाळी सुट्टी लागली, कॅम्प माणसांनी फुलून गेला. त्या शनिवारी रेजाँ जाळीच्या दाराची चेन आणायला गावात गेला होता आणि इकडे मशीनचं तेल टेबलक्लॉथवर सांडलं. डाग वाळायच्या आत जिनेट तो घेऊन धुलाईघराकडे धावली.

आत बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या. ही दारात दिसताच सगळ्या गप्प झाल्या. पलीकडच्या जागेवरची उगेट, तिची किती उन्हाळ्यांची मैत्रीण, तेवढी पुढे आली.

"आलीस! आम्हाला वाटलं, तू आता तोंडच दाखवत नाहीस."

"रेजाँ कुठे येऊ देतो मला? सगळं धुणं स्वतः करतो." जिनेटच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

उगेटने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही ठरवलं होतं बाई, तुझ्यापुढे विषयच काढायचा नाही. पण मलाच राहवत नाहीये बघ. आता शेजारी कोण येतंय, कसं येतंय..."

"कुणाच्या शेजारी?"

"तुमच्या जागेवर गं. आज बघायला यायचेत ना ते? रेजाँ म्हणाला, मांडव झाला की ट्रेलर हातोहात जाईल. आजकाल सगळ्यांना मांडव तयारच लागतो." आणि मग तिचं लक्ष जिनेटच्या चेहऱ्याकडे गेलं. "अगं... तुला माहीत नव्हतं?"

"माहीत नसायला काय झालं?" जिनेट म्हणाली. "आजच यायचेत, ते विसरले होते."

तिने टेबलक्लॉथ यंत्रात टाकला, झाकण लावलं आणि सरळ बाहेर पडली. वाटेत एकेक गोष्ट जुळत गेली. नाताळात रेजाँच्या भावाने विषय काढला होता, ट्रेलर विकून फ्लोरिडातल्या घरात अर्धा वाटा घ्या म्हणून. जिनेट नाही म्हणाली होती. रेजाँ त्यावर काही बोलला नाही, तेव्हा तिला वाटलं विषय संपला. तो नुसता तिच्यापुरता संपला होता. पुढचं दार, पांढरी जाळी, आणि ते धुणं! बायकांच्या तोंडून तिच्या कानावर जाऊ नये म्हणून माणूस टॉवेलच्या घड्या घालायला शिकला. भांडला असता, आदळआपट केली असती, तर तिने सोसलं असतं. याने गोड बोलून केसाने गळा कापला, आणि सुई तिच्याच हातात दिली.

रेजाँ परत आला तेव्हा त्याच्या गाडीमागे दुसरी गाडी होती. एक तरणं जोडपं उतरलं. बाईच्या कडेवर तान्हं पोर, त्याचा एक डोळा सुजून मिटलेला.

"डास चावला की याचं हे असं होतं," ती जाळीवरून हात फिरवत म्हणाली. "संध्याकाळी याला घेऊन मी आतच कोंडलेली असते. किती सुबक शिवलंय! तुम्हीच का?"

"हिनेच," रेजाँ घाईने म्हणाला. "ट्रेलर विकायचा म्हटल्यावर हौसेनं केलंय सगळं."

आणि त्याने जिनेटकडे पाहिलं. डोळ्यांनी नुसती गयावया चालली होती.

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर ती माणसं आल्या पावली परत गेली असती. पोराने सुजलेल्या डोळ्यावर मूठ घासली.

"वाळू ओली झाली तर या नळ्या उन्हात टाकायच्या," जिनेट त्या मुलीला म्हणाली. "नाहीतर कापड कुजतं."

जोडपं शब्द देऊन गेलं, ताबा महिन्याने घ्यायचा ठरला. रेजाँने दाराला चेन बसवली, आत दोन खुर्च्या मांडल्या, दिवा टांगला, मक्याची उकडलेली कणसं लोणी लावून टेबलावर ठेवली. सूर्य झाडांमागे गेला.

"सांगणारच होतो मी," शेवटी तो म्हणाला. "भावाला शब्द देऊन बसलो होतो. तुला विचारलं असतं, तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. म्हणून तर विचारायचं असतं, रेजाँ."

"बरं, चुकलं माझं. आता आत तरी ये. एवढ्या वर्षांची तुझी हौस होती ना? महिनाभर तर बसशील."

जिनेटने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने बाहेरून चेन खालपर्यंत ओढून नीट लावली आणि ती उगेटच्या शेकोटीकडे चालू लागली. अकॉर्डियन मध्येच थांबला.

"जिनेट? तू, या वेळेला बाहेर?" उगेट बाकावरून उठलीच. "अगं, खातील तुला!"

"सरक थोडी," जिनेट म्हणाली आणि बसली.

मागून रेजाँ हाका मारत होता. दिव्याच्या उजेडात, पांढऱ्या जाळीच्या आत तो एकटा उभा होता. "सुजशील गं! सकाळी डोळे उघडायचे नाहीत तुझे! निदान बाह्या तरी खाली कर!"

तिने बाह्या खाली केल्या नाहीत. अकॉर्डियनवाल्याने चाचरत पुन्हा सूर धरला. मनगटावर एक डास येऊन बसला, मग आणखी एक. जिनेटने हात मांडीवर उताणे ठेवले आणि ती गाणं ऐकत राहिली.